खिडकीतल्या तुळशीचं दुखणं

आजींचा नेम असा होता की सकाळी अंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. चिपळूणला त्यात अवघड काही नव्हतं. मागच्या दारी तुळस होती, दोन पावलांवर विहीर होती. आठवीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्यांच्याकडे कामाला लागले, तेव्हा पहिल्याच सकाळी मला सांगितलं गेलं ते हेच: आजी तुळशीपासून मागे वळल्या की चहा टाकायचा, आधी नाही.

आजोबा गेल्यावर आजींच्या मुलाने त्यांना इंग्लंडला आणायचं ठरवलं. मी त्यांना दादा म्हणायचे. ते लंडनजवळ मेडनहेडला राहायचे, हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. वहिनीही डॉक्टर. आजी म्हणाल्या, "ही पोर बरोबर येत असेल तर येईन." म्हणून मी आले. माझ्या इंग्लंडला येण्याचं कारण एवढंच, आणि ते मी कधी विसरले नाही. माझ्या पगारावर गावाकडे धाकटी बहीण नर्सिंग शिकत होती. आजी इथे, तर मी इथे. आजी परत गेल्या की माझं या घरात काय काम?

घर चांगलं होतं. चांगलं म्हणजे काय सांगू? मला वर स्वतःची खोली दिली होती. जन्मात पहिल्यांदा मला माझं असं एक दार होतं, आणि वहिनी ते वाजवून आत यायच्या. मालकीणबाई नोकराच्या दारावर टकटक करते, हे मला किती दिवस खरं वाटत नव्हतं.

फक्त तुळस नव्हती. वहिनींनी सुपरमार्केटमधून बेझिलची कुंडी आणली. "आई, ही तुळशीच्याच जातीतली आहे हो. चुलत बहीण समजा."

आजींनी एक पान चुरडून नाकाशी नेलं. बोलली ती नात. सतरा वर्षांची, तिथेच जन्मलेली, मराठी बोलायची हौस भारी, फक्त शब्द तिचं ऐकायचे नाहीत. "आजी, पिझ्झाची वास येतो ना?"

"येतो हो," आजी म्हणाल्या. तरी त्यांनी त्या चुलत बहिणीला पाणी घातलं. त्या कुंड्या चार दिवस टवटवीत दिसायच्या, मग एका सकाळी मान टाकायच्या. वहिनी मुकाट्याने दुसरी आणायच्या. असं तीनदा झाल्यावर आजी म्हणाल्या, "रोज उठून मी मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालत्ये असं वाटतं गो." आणि त्या दिवशी त्यांनी जेवण निम्मं टाकलं.

मग एका दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. तळाशी रुमालाची एक गाठ होती. गाठीत चिपळूणच्या मागच्या दारच्या तुळशीच्या सुकलेल्या मंजिऱ्या. मला ठाऊकच नव्हतं.

"मेल्यावर तोंडात घालायला आणली होती," त्या म्हणाल्या. "परक्या देशात ऐनवेळी कुठं शोधणार तुम्ही. आता पेरूनच बघत्ये."

रात्री जेवताना त्यांनी दादांना सांगून टाकलं. "ही उगवली नि जगली तर मी इथली. संक्रांतीपर्यंत बघेन. नाही जगली तर मला परत पाठव. भाचा आहे, त्याच्याकडे राहीन."

"आई, असल्या गोष्टी झाडावर ठेवतात होय?"

"मग कशावर ठेवू? तुझ्या हीटिंगवर?"

दादा हसले. मला हसू आलं नाही. माझ्या हातातली वाटी जड झाली.

तुळशीचं बी कधी हातावर घेऊन बघितलं आहे का? खसखशीएवढं, काळपट. श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. आम्ही ते ओल्या मातीवर भुरभुरलं, आणि बघता बघता प्रत्येक दाण्याभोवती निळसर, बुळबुळीत असं एक आवरण आलं, बेडकाच्या अंड्यांसारखं. मी घाबरले, वाटलं कुजलं. आजी म्हणाल्या, "कुजलं नाही गो. पाणी धरून ठेवतंय. शहाणं आहे ते." एवढ्याशा बीला पाणी धरून ठेवायची अक्कल! मी वाकून बघतच राहिले.

ऊब हवी म्हणून वहिनींनी कुंडी एअरिंग कबर्डमध्ये ठेवली. त्या कपाटात गरम पाण्याची टाकी असते आणि टॉवेल, चादरी. देवघर नाही, उंबरठा नाही, आणि तुळस टॉवेलांच्या चळतीवर बसली. एका सकाळी मी दादांचा टॉवेल काढायला कपाट उघडलं आणि ओरडलेच. काळ्या मातीवर हिरवे ठिपके. दोन दोन पानांचे, टाचणीच्या डोक्याएवढे. माझ्या ओरडण्याने सगळं घर गोळा झालं. दादा एका गालाला साबण लावलेले, वहिनी कोट घातलेल्या, नात झोपेतून उठून आलेली. कपाटाच्या दारात आम्ही सगळे वाकून उभे.

"आजी, झाड आली!" नात म्हणाली.

"आलं," आजी म्हणाल्या. "आलं गो बाय." त्यांनी डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

तिथून खिडकीत. आणि खिडकीतच पहिलं दुखणं सुरू झालं. ऑक्टोबर लागला होता. त्या देशात सूर्य येतो तो पाहुण्यासारखा, कोटसुद्धा काढत नाही. रोपं उजेड शोधत उंच उंच झाली, दोऱ्यासारखी बारीक, आणि सगळी काचेकडे झुकली. मी कुंडी फिरवून ठेवायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर सगळ्यांनी परत माना खिडकीकडे वळवलेल्या. डोळे नाहीत, कान नाहीत, पण उजेड कुठे आहे ते यांना कळतं. मी पोळ्या लाटता लाटता ते बघायचे आणि अंगावर काटा यायचा. पण त्या ओढीनेच ती आडवी पडू लागली. एकेक गळालं. शेवटी दोनच उभी राहिली, त्यातलं एक बरं.

दादांनी कॉम्प्युटरवर शोधून काढलं की यांना उजेड कमी पडतोय, दिवा लागेल, आणि तसले दिवे स्लाऊजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या दुकानात मिळतात. दादा-वहिनी दोघं ड्यूटीवर. नातीला नुकतं गाडीचं लायसन्स मिळालं होतं, ती मला घेऊन गेली.

दुकानावर धड पाटी नव्हती. काचा आतून काळ्या रंगवलेल्या. दार ढकलून आत गेलो तर आत मे महिना. पांढरा लख्ख उजेड, ऊब, पंख्यांची घरघर, आणि त्या उजेडात नोव्हेंबर तोंडावर आलेला असताना लाल टोमॅटो लटकलेले. काउंटरमागे केसांची शेपटी बांधलेला एक जाडा माणूस होता. त्याचं बोलणं मला निम्मंच कळायचं, बाकीचं नात कानात सांगायची.

"काय लावताय?" त्याने विचारलं.

"होली बेझिल," नात जमिनीकडे बघत म्हणाली.

"बेझिल. बरं." त्याने डोळा मिचकावला. "माझ्याकडे येणारे सगळे टोमॅटो लावतात. बेझिल पहिल्यांदाच ऐकतोय."

"नो, रिअली. इट्स फॉर माय ग्रॅन."

"हो ना. सगळ्यांना आजीसाठीच हवं असतं."

नात लालबुंद झाली. मला कळेना लाजायचं काय आहे. मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आडवं पडलेलं एक रोप मी ओल्या कापसावर घालून आणलं होतं, डॉक्टरला दाखवायला नको का? त्याने ते अलगद चिमटीत धरलं. वास घेतला. चष्मा लावला, परत वास घेतला. आणि त्याचा चेहराच बदलला.

"अरेच्चा," तो म्हणाला, "हे खरोखरच बेझिल आहे!"

त्यानंतर त्याच्याएवढा भला माणूस नाही. दिवा कोणता, झाडापासून किती वर टांगायचा, पानं भाजली तर काय करायचं, सगळं त्याने हातवारे करून दाखवलं. रात्री दिवा बंद ठेवायचा, झाडाला अंधारही लागतो, असं म्हणाला. मी नातीला म्हटलं, त्याला सांग, आमच्याकडे दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावत नाहीत, ती झोपते. नातीने सांगितलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मग तुम्ही इथे कशाला आलात? तुम्हाला सगळं माहीतच आहे."

गाडीत बसल्यावर नात म्हणाली, "तुला माहितेय, हा दुकान कशाचा आहे?"

"दिव्यांचं."

"गांजाचा! लोक घरात गांजा लावतात ना, ते सगळे इथून लाइट घेतात. तो मला ड्रग डीलर समजला!" आणि ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत सुटली.

मी चटकन मागे वळून बघितलं, कोणी बघत तर नाही ना. मांडीवर तो दिव्याचा खोका, आणि माझा पासपोर्ट वरच्या खणात. त्यात नातीने आणखी सांगितलं की इथे थंडीत ज्या घराच्या छपरावरचं गोठलेलं दव लवकर वितळतं, तिथे आत दिवे लावून गांजा चाललाय असं पोलीस ओळखतात. ती थट्टा करत होती, घरी जाऊन तिने आजींनाही सगळी गंमत सांगितली, पण त्यानंतर दव गोठलं की मी सकाळी कचऱ्याचं निमित्त करून बाहेर जायचे आणि आमचं छप्पर बघून यायचे. शेजारच्यांइतकंच पांढरं आहे ना?

दिव्याचा उजेड पडद्यातून गल्लीत पडायचा. समोरच्या घरातली गोरी म्हातारी एक दिवस वहिनींना म्हणाली, तुमच्या खिडकीत हल्ली फार लख्ख दिसतं हो. त्या 'फार'मध्ये बरंच काही होतं. वहिनी आजींना म्हणाल्या, आता काय सांगायचं हिला? आजी म्हणाल्या, "सांगायचंय काय? बोलाव तिला. दाखव." म्हातारी आली. आजींनी एका पानावरून तिचं बोट फिरवून ते तिच्याच नाकाशी नेलं. म्हातारीने डोळे मिटले. "लवंग," म्हणाली. मग तुळशीकडे वाकून "हॅलो, डार्लिंग" म्हणाली.

"काय म्हणाली गो?" आजींनी विचारलं.

"नमस्कार म्हणाली," नात म्हणाली.

त्या दिव्याखाली तुळस अशी काही वाढली! आधी दिवा फार खाली टांगल्याने वरची पानं भाजली, पण वर घेतल्यावर ती सावरली. दांडा जाड झाला, जांभळट झाला, पानांना दातेरी कडा आल्या. एका सकाळी मी जिना उतरत होते आणि अर्ध्यातच थांबले. खाली वास होता. चिपळूणच्या मागच्या दाराचा वास, मेडनहेडच्या जेवणघरात. ट्रंकेतल्या रुमालात एवढे दिवस सुकून पडलेल्या दाण्यात हा वास कुठे लपला होता? मी जिन्यावरच बसून राहिले. आमच्या अंगणातही तुळस होती, माझी आईसुद्धा त्या वासात होती.

त्या दोनांतलं एकच जगलं, ते मोठ्या कुंडीत घातलं. कुंडी प्लास्टिकची, काळी, खाली भोकांची. आजींना ती बघवेना. "तुळस काय बादलीत ठेवायची? देव काय म्हणेल?" म्हणून माळ्यावरचं वहिनींच्या रुखवताचं पितळी पातेलं निघालं. मी ते चिंचेने घासून सोन्यासारखं केलं आणि काळी कुंडी त्यात बसवली. बाहेरून प्लास्टिक दिसेनासं झालं. वितीएवढ्या त्या तुळशीचं कार्तिकात लग्न लागलं. वेम्बलीहून ऊस आणला, चार ओळखीची माणसं आली, सगळ्यांनी पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. पातेल्यात दिव्याचं प्रतिबिंब पडलं होतं. आजी त्या दिवशी दोनदा बासुंदी मागून जेवल्या. मला वाटलं, झालं. राहिल्या आता.

डिसेंबरात पानं पिवळी पडायला लागली.

खालची आधी, मग मधली. मग ती मरगळली. तहान लागल्यासारखी लोंबायची, आणि तहानलेलं दिसलं की माणूस काय करतो? मातीतून बारीक काळी चिलटं उडायला लागली. दादांनी चष्मा कपाळावर सरकवून पान उलटसुलट केलं. "ॲनिमियासारखं दिसतंय. आयर्न कमी." त्यांनी लोहाचं खत आणलं. वहिनींचं म्हणणं मॅग्नेशियम. त्यांनी चिमूटभर एप्सम सॉल्ट घातलं. नातीने चिलटांसाठी पिवळा चिकट कागद टोचला. मी चहाचा चोथा धुऊन घातला, चिपळूणला गुलाबाला घालायचे तसा. आजींनी पातळ ताक.

"एका वेळी एकच औषध बदलायचं असतं," दादा म्हणाले. "नाहीतर गुण कशाने आला कळत नाही."

"आधी येऊ दे गुण," आजी म्हणाल्या. "मग वाटून घ्या."

गुण आला नाही. गल्लीत घरोघरी नाताळची रोषणाई लागली होती आणि आमच्या खिडकीतली तुळस त्या उजेडात रोज एकेक पान टाकत होती. गळलेली पानं आजी उचलून पदरात धरायच्या. त्यांचं जेवण पुन्हा कमी झालं. नेम चालू होता, पण पाणी घालून झाल्यावर त्या चहासुद्धा पुरा घेईनात. एक दिवस दादांना म्हणाल्या, "तिकिटाचं बघून ठेव. तिला इथं करमत नाही, मलाही नाही. दोघीही म्हाताऱ्या झालो."

 मी वर गेले, पलंगाखालची बॅग काढली, पुसली, परत आत ढकलली. त्या आठवड्यात कॉलिंग कार्डावरून बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, ताई, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, लाइन खराब आहे. ती मग वॉर्डातल्या गमती सांगत बसली, आणि मी नुसतं हूं हूं करत होते.

शनिवार होता. सगळे घरी. मी कणीक मळत होते, समोर उघड्या दारातून जेवणघरातली खिडकी दिसत होती. आजी अंघोळ करून आल्या, तांब्याभर पाणी घातलं, नमस्कार केला, गेल्या. पाठोपाठ दादा आले. अंघोळीचे ओले केस, हातात लोटी. आजींनी त्यांना कधीतरी सांगितलं होतं म्हणे, घरचा कर्ता आहेस, रोज हातून पाणी पडू दे तिला. त्यांनी घातलं. मी मळता मळता थांबले. थोड्या वेळाने वहिनी किटली घेऊन आल्या. तिथल्या नळाच्या पाण्यात खडू असतो, किटलीत पांढरे पापुद्रे धरतात. म्हणून त्या उकळून गार केलेलं पाणी मुद्दाम तुळशीसाठी ठेवायच्या. त्यांनी घातलं. मग नात आली, आपल्या बाटलीतलं उरलेलं तुळशीत ओतून निघून गेली. आणि माझ्या ओट्यावर माझा पेला भरलेला होता. मीही रोज घालत होते. आजी एखाद्या दिवशी विसरल्या तर, या भीतीने.

पाच जणांचं पाणी! कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण तुळशीला पाणी घातलं हे काय सांगायचं असतं?

मी पिठाच्या हातांनीच गेले आणि काळी कुंडी पितळी पातेल्यातून उचलायला बघितली. उचलेना. भिजलेल्या घोंगडीसारखी जड. दोन्ही हातांनी ओढून काढली तेव्हा खाली पातेल्यात काळं पाणी होतं, निम्म्यापर्यंत. भोकं कुंडीला होती, पातेल्याला कुठली? लग्नाच्या दिवसापासूनचं सगळं पाणी तिथेच साठत होतं आणि ती त्यात उभी होती. त्या पाण्याचा वास माझ्या नाकात गेला आणि मला सगळं एकदम कळलं. आणि कळलं त्याच क्षणी भीती वाटली. हे आजींना कोणी सांगायचं? तुमच्या नेमानेच ती मरतेय, असं त्या बाईला कोण म्हणणार? त्यांनी मला ठेवलं, विमानात बसवलं, माझ्या बहिणीला शिकवलं. उद्या त्या म्हणाल्या, नेमच मोडायचा तर इथे राहू कशाला, तर?

आजी देवापाशी बसल्या होत्या. मी दारात उभी राहिले.

"आजी, एक बोलू का? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवीन."

 मी पातेलंच उचलून त्यांच्यापुढे आणून ठेवलं. त्यांनी आत बघितलं. वाकून वास घेतला. मग खिडकीपाशी येऊन कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, ते बोट नाकाशी नेलं.

"कुजली," त्या म्हणाल्या.

"पाणी जास्त होतंय आजी. सगळेच घालतोय. मीसुद्धा."

त्यांनी बोट पदराला पुसलं. मला वाटलं आता ओरडतील. पण त्यांनी विचारलं, "चिपळूणला पावसाळ्यात मी कशी घालायचे गो पाणी? तू बघितलंयस."

मी आठवलं. छत्री धरून जायच्या, आणि तांब्यात बोटं बुडवून नुसतं शिंपडायच्या. "चार थेंब," मी म्हणाले.

"चार थेंब. तेवढ्यानं नेम मोडायचा नाही तिथं." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. करड्या आभाळाखाली भिंत ओली, झाडं ओली, रस्ता ओला. "हा देशच सगळा पावसाळा, आणि मी वेडी तांब्यानं ओतत्ये."

आम्ही कुंडी उपडी केली. मुळं तपकिरी झाली होती. हात लावला की त्यांचं साल मोज्यासारखं निघून यायचं. दांडा बुडाशी काळा. पण शेंड्याला अजून चार पानं हिरवी होती, आणि त्यांना वास होता.

"शेंडा कापून पाण्यात ठेवला तर?" वहिनी म्हणाल्या. "माझी आई पुदिना तसा लावायची."

"पाण्यात?" नात म्हणाली. "पाण्यानेच तर मरतेय ती!"

कोणाला दुसरं काही सुचेना. सकाळ होती, म्हणजे तुळशीला हात लावायला हरकत नव्हती. आजींनी हात जोडून तिला विचारलं, पुटपुटत. दादांनी आपल्या पेटीतून नवं ब्लेड काढलं, स्पिरिटने पुसलं, आणि दांडा दोन बोटांत धरला. ब्लेड टेकवून ते थांबले.

"अरे, आधी भूल दे की तिला," आजी म्हणाल्या. "तेवढंच तर येतं तुला."

सगळे हसलो. त्या हसण्यातच ब्लेड फिरलं.

काचेच्या साध्या पेल्यात तो शेंडा उभा राहिला, दिव्याखाली. दुसऱ्या सकाळी आजी अंघोळ करून तांब्या घेऊन आल्या आणि पेल्यापुढे थबकल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. चहाचं आधण मी अजून ठेवलं नव्हतं.

"आता पाण्याला पाणी घालू की काय?" त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले. "कालचं ओतून टाकायचं, आजी. ताजं घालायचं. नाहीतर शिळं पाणी कुजतं."

"रोज?"

"रोजच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पेला उचलला, शेंडा एका हाताने तोलून धरला, जुनं पाणी ओतलं, आणि तांब्यातलं ताजं पाणी धार धरून काठापर्यंत घातलं. एक थेंब सांडला नाही. नमस्कार करून मागे वळल्या. मी धावत जाऊन चहा टाकला.

दोन पानं आणखी गळली. उरली दोन. तेवढ्यात एका सकाळी आजींनी पेला उजेडाकडे धरला आणि तशाच राहिल्या. दांड्याच्या बुडाशी पांढरे फोड आले होते, रव्याच्या कणीएवढे. मला वाटलं, नवीन रोग. पण दोन-तीन दिवसांत त्या फोडांतून धागे निघाले. पांढरे शुभ्र, केसाहून बारीक, सरळ खाली. मुळं मी जन्मभर मातीतून उपटलीच होती. फुटताना कधी बघितली नव्हती. काचेतून दिसत होतं सगळं. ज्या पाण्यात तिची आधीची मुळं कुजली, तशाच पाण्यात ती नवी फोडत होती. ते पाणी काळोखातलं साचलेलं होतं, हे रोज बदललेलं. फरक काय तो एवढाच, आणि तेवढ्यावर एक जीव जात होता आणि येत होता. मला अजूनही त्याचा नीट अर्थ लागत नाही. नुसतं आठवलं तरी हात जोडावेसे वाटतात, कोणाला ते कळत नाही.

दादा हॉस्पिटलमधून आल्यावर कोट न काढता पेल्यापुढे गुडघ्यांवर बसले. "आई, कोण सांगतं गं हिला, इथून मूळ फोड म्हणून?"

"तुला कोणी सांगितलं होतं पोटात असताना, हात फोड म्हणून?"

दादांनी नाक पेल्याला जवळजवळ टेकवलं. एवढा शिकलेला माणूस, आणि मी आठवी. त्या पेल्यापुढे आम्ही दोघं सारखेच तोंड उघडं टाकून बसलो होतो.

संक्रांतीच्या सकाळी मी तिळगूळ केला, उपमा केला. आजी पाणी बदलून टेबलापाशी येऊन बसल्या. दादा आधी चहा ढवळत राहिले, मग म्हणाले, "आई, ते तिकिटाचं... तू म्हणाली होतीस बघून ठेव."

मी गॅसपाशी पाठ करून उभी होते. वळले नाही. माझ्या मानेला कळत होतं सगळं.

"मी गेल्ये तर हिचं पाणी कोण बदलणार?" आजी म्हणाल्या. "तू? तू उजाडायच्या आत घरातून जातोस. ही लेक तुझी बाटलीतलं उष्टं ओतेल. आणि ती," म्हणजे मी, "ती घाबरून दिवसातून पाचदा बदलेल."

"म्हणजे राहतेस?"

"त्याला आता विचारायचं काय असतं? फेब्रुवारीत माती आण चांगली. आणि पातेल्याला भोकं पाडून आण, नाहीतर ते परत माळ्यावर टाक." मग त्यांनी उपम्याचा घास घेतला, आणि मला म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय गो."

मी मीठ आणायला कपाटाशी गेले आणि दार उघडं धरून तिथेच जरा वेळ उभी राहिले. मागून दादा विचारत होते, पितळेला भोकं कुठे पाडून मिळतात या गावात? आणि आजी त्यांना म्हणत होत्या, त्या गांजावाल्याला विचार, भला माणूस आहे.